विजेचा पंखा व त्याची उभारणी

कर्जत व खालापूर या तालुक्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यास विजेचा पाठ द्यावयाचा, तर प्रयोगशाळेचें दार उघडण्यापूर्वीं त्यास घराबाहेर नेऊन घाटाकडे पाहावयास सांगावें. खोपोलीच्या माथ्यावरून कड्याच्या अंगानें उतरणारे मोठमोठे लोखंडी नळ आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणापासून पाहिले आहेत. परंतु रोजची वस्तु म्हणून त्यांजकडे लक्ष जात नाहीं. लोणावळा, वळवण व शिरोता येथील तलावांत पावसाचें पाणी अडवावयाचें, तें सुमारें ५०० मीटर खालीं सोडावयाचें, आणि त्या पडत्या पाण्याच्या जोरावर चक्रें फिरवून वीज उत्पन्न करावयाची, अशी ही योजना. जमशेटजी टाटा यांनीं तिचा ध्यास घेतला होता. पण ते १९०४ सालीं निवर्तले. १९११ सालीं लोणावळ्यास कोनशिला बसली व १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या कापडगिरण्यांस मिळूं लागली. पुढें १९२२ सालीं कर्जत तालुक्यांतील भिवपुरी येथें, आंद्रा नदीवर ठोकरवाडीस बांधलेल्या धरणाच्या पाण्यावर, दुसरें केंद्र चालू झालें. वीज देऊन मोकळें झालेलें पाणी खोपोलीस पाताळगंगेला व भिवपुरीकडे उल्हास नदीला मिळतें. म्हणून भर उन्हाळ्यांतहि त्या नद्या वाहत्या दिसतात.

ती वीज उंच मनोऱ्यांवरील तारांतून आपल्या शेतांवरून परेलकडे गेली. ज्यांच्या बांधाशेजारीं मनोरे उभे राहिले, त्यांच्या घरांत मात्र पुढें कित्येक वर्षें रॉकेलची चिमणीच जळत होती. आज ती स्थिति पालटली आहे. घरोघर दिवे आहेत, आणि दिव्यापाठोपाठ जी वस्तु कुटुंबांत येते ती छताचा पंखा. तो कसा फिरतो, कां फिरतो, आणि घरच्या माणसांनीं तो बसवावयाचा झाल्यास काय काय पाहावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम एक लहानसें गणित करूं. नेहमींचा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो. तो एक तास चालला म्हणजे २,७०,००० जूल कार्यशक्ति खर्च होते. एक किलो पाणी ५०० मीटर खालीं आलें कीं ४,९०० जूल मिळतात. त्यांतील कांहीं भाग नळांत व यंत्रांत वायां जातो, म्हणून हातीं सुमारें ४,१५० येतात असें धरूं. आतां भागाकार करा. एका तासाच्या वाऱ्यासाठीं सुमारें ६५ लिटर पाणी घाटमाथ्यावरून खालीं यावें लागतें. ज्यांच्या घरीं आजहि विहिरीवरून हंडे आणावे लागतात, त्यांस ६५ लिटर म्हणजे काय हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. अर्थात् आज आपल्या घरांत येणारी वीज पाण्याची, कोळशाची, कीं सूर्यप्रकाशाची हें बटण दाबणाऱ्यास ओळखतां येत नाहीं, कारण सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यांत मिसळते. तरी हिशेब ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

पंखा हवा थंड करितो, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. शाळेंतील उष्णमापक चालत्या पंख्याखालीं धरून पाहा. पारा जागचा हालत नाहीं. मग त्याच्या गोळ्यास ओली चिंधी गुंडाळा आणि पुनः पाहा. पारा भराभर उतरूं लागेल. पाण्याची वाफ होतांना तें जवळची उष्णता घेऊन जातें, हें त्याचें कारण. आपल्या अंगावरील घाम म्हणजे ती ओली चिंधी होय. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आला असतां, सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या आपल्या गांवांतील हवा बाष्पानें इतकी भरून जाते कीं घाम अंगावर निथळतो पण वाळत नाहीं. पंखा अंगालगतची दमट हवा दूर लोटतो व तिच्या जागीं दुसरी आणतो, एवढेंच त्याचें काम. यावरून हेंहि उघड होतें कीं, रिकाम्या खोलींत फिरत ठेवलेला पंखा त्या खोलीस थंड तर करीत नाहींच, उलट मोटरीच्या उष्णतेनें तिला किंचित् तापवितो.

विजेपूर्वीं मोठ्या कचेऱ्यांतून छताला झालरीचा लांब पंखा टांगीत व दोरीनें ओढीत. ओढणारा गडी बाहेर व्हरांड्यांत उकाड्यांत बसे, वारा आंतल्या साहेबास लागे. विजेचा छताचा पंखा १८८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत फिलिप डील या यंत्रज्ञानें बनविला. शिवणयंत्रासाठीं तयार केलेल्या मोटरीस पातीं जोडून ती त्यानें छतास टांगली.

आतां त्याच्या आंतील रचना पाहूं. बहुतेक मोटरींत बाहेरचें कवच स्थिर असतें व आंतील आंस फिरतो. छताच्या पंख्यांत हें उलट असतें. मधला आंस नळीला घट्ट बांधलेला असून तो हालत नाहीं. त्याच्याभोंवतीं तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्या असतात, आणि बाहेरचें कवच पात्यांसह त्यांच्याभोंवतीं फिरतें. आंस पोकळ ठेवितात, म्हणून वरून आलेल्या तारा पीळ न पडतां आंत जाऊं शकतात. गुंडाळ्या दोन प्रकारच्या: एक चालविणारी व दुसरी चालना देणारी. दुसरीच्या वाटेंत कपॅसिटर नांवाची लहानशी डबी असते. बाजारांत तिला कंडेन्सरहि म्हणतात. आपल्या घरांतील वीज सेकंदाला ५० वेळां आवर्तन करिते. कपॅसिटरमुळें दुसऱ्या गुंडाळींतील प्रवाह पहिलीच्या प्रवाहापुढें थोडा सरकतो, आणि दोन्ही मिळून असें चुंबकत्व उत्पन्न करितात कीं तें जणुं गोल फिरत आहे असें होतें. कवच त्या फिरत्या चुंबकत्वामागें ओढलें जातें. कपॅसिटर बिघडला तर पंखा घुमतो पण हालत नाहीं. पातें हातानें ढकललें तर ज्या बाजूस ढकललें त्या बाजूस तो कसाबसा फिरूं लागतो. हें लक्षण ओळखतां आलें, तर मोटर जळाली असें समजून नवा पंखा आणण्याचा खर्च पुष्कळदा वांचेल.

अशा मोटरींत पुष्कळदा १४ चुंबकध्रुव असतात. ५० आवर्तनांच्या विजेवर त्यांचें फिरतें चुंबकत्व मिनिटास सुमारें ४२८ फेरे घेतें; कवच त्याच्या थोडें मागें राहतें व ३८० च्या आसपास फेरे घेतें. १२०० मिलिमीटर, म्हणजे ४८ इंची, पंख्याच्या पात्याचें टोंक एका फेऱ्यांत पावणेचार मीटर चालतें. मिनिटास ३८० फेरे या वेगानें तें तासाला सुमारें ८६ किलोमीटर धावतें. ही चाल भरधाव आगगाडीची आहे, आणि ती आपल्या डोक्यावर, निजलेल्या मुलांच्या वर, पाळण्याच्या वर रात्रभर चाललेली असते. म्हणून पंखा बसविणें हें खुंटीला आरसा अडकविण्यासारखें हलकें काम समजूं नये.

हें काम घरच्या माणसानें करावें कीं नाहीं? येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १९५६ सालच्या भारतीय विद्युत् नियमांत विजेच्या मांडणीचें काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करविण्याचें बंधन घातलें होतें. परंतु दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारखी वस्तु काढून, मांडणीचें स्वरूप न बदलतां, तिच्या जागीं तशीच दुसरी लावण्यास त्यांतून सूट दिली होती. आजच्या नियमांचा रोखहि तोच आहे. तेव्हां जुना पंखा उतरवून त्याच आंकड्यावर, त्याच तारांस नवा जोडणें, हें सावध व समजूतदार मनुष्य घरीं करूं शकतो. जेथें तारच नाहीं तेथें नवी तार नेणें, नवा फांटा काढणें, मुख्य पेटींत हात घालणें, हीं कामें परवाना असलेल्या वायरमनचीं आहेत. दोनशें रुपये वांचविण्यासाठीं तीं आपण करूं नयेत. आणि विद्यार्थ्यांस स्वतंत्रपणें सांगावयाचें तें हें कीं, शिडीवर चढणारा मनुष्य मोठाच असला पाहिजे. तुम्ही खालीं राहून शिडी धरा, वस्तु हातीं द्या, आणि पुढें सांगितलेलीं कामें त्या क्रमानें होत आहेत कीं नाहींत हें पाहा. वडिलांनीं एखादी पायरी गाळली तर तसें सांगण्यांत उद्धटपणा नाहीं.

पहिला प्रश्न छताचा. सिमेंटच्या स्लॅबांत ओतकामाच्या वेळींच लोखंडी आंकडा बसविलेला असतो. (‘आंकडा’ या शब्दाला आपल्याकडे तारेवरून वीज चोरण्याचाहि अर्थ आला आहे, येथें तो अभिप्रेत नाहीं.) तो गंजलेला आहे कीं काय हें आधीं पाहावें. आपल्या भागांत चार महिने पाऊस कोसळतो. स्लॅबमधून ओल उतरते व आंतील लोखंड फुगून भोंवतालचें सिमेंट सोडूं लागतें. आंकड्याभोंवतीं तांबूस डाग किंवा भेग दिसली तर तेथें पंखा टांगूं नये. पंख्याचें स्वतःचें वजन चार ते सहा किलो असतें. परंतु फिरतांना त्याचे हिसके निराळे. आमच्या मतें सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे ४० किलोचें भाताचें पोतें दोरानें त्या आंकड्यास रात्रभर टांगून ठेवणें व त्या खोलींत त्या रात्रीं कोणीं न निजणें. सकाळीं आंकडा तसूभर सरकलेला दिसला, तर ती जागा बाद.

जुन्या कौलारू घरांची गोष्ट वेगळी. तेथें वाशाला किंवा रिफेला तार गुंडाळून पंखा लोंबकळत ठेविलेला पुष्कळ ठिकाणीं दिसतो. वासे कौलांचा भार पेलण्यासाठीं असतात, हिसके सोसण्यासाठीं नव्हेत. पंखा तुळईलाच बांधावा. तुळईच्या जाडींतून आरपार भोंक पाडून त्यांत नटबोल्ट घालावा, किंवा तुळईला वेढा घालणारी लोखंडी पट्टी ठोकण्याऐवजीं बोल्टानें आवळावी. नुसता मळसूत्री खिळा वरून खालीं पिळून त्यावर पंखा सोडूं नये, कारण रोजच्या कंपानें तो हळूहळू सुटतो. तुळईला वाळवी लागली आहे कीं काय, हें अणकुचीदार दाभण टोंचून पाहावें. दाभण सहज आंत गेलें तर वरून ठणठणीत दिसणारें लांकूड आंतून पोकळ आहे असें समजावें. उतरत्या छपराखालीं आणखी एक अडचण येते: पात्यांचें एक टोंक कौलांच्या जवळ जातें. अशा वेळीं लांब नळी घ्यावी. पातीं छतापासून फूटभर तरी खालीं असलीं म्हणजे त्यांस वरून हवा ओढतां येते, आणि जमिनीपासून आठ फूट तरी वर असलीं म्हणजे हात उंचावणाऱ्यास तीं लागत नाहींत. जेथें दोन्ही अंतरें साधत नाहींत, जसें बुटक्या पडवींत किंवा माळ्याखालीं, तेथें छताचा पंखा लावूंच नये, भिंतीचा लावावा. उंच खाट, माळ्याची शिडी, झोपाळा यांच्या आटोक्यांतहि तो नको.

जागेविषयीं आणखी एक गोष्ट पालकांच्या कानावर घालावीशी वाटते. घरांत पहिला पंखा नेहमीं बैठकीच्या खोलींत लागतो, दुसरा निजावयाच्या खोलींत, आणि स्वयंपाकघराची पाळी येतच नाहीं. ज्या खोलींत सर्वांत अधिक उष्णता असते व जेथें घरांतील एक व्यक्ति दिवसाचे चार-पांच तास उभी असते, ती खोली कोरडी राहते. शेगडीच्या ज्वाळेवर वारा येऊं नये हें खरें. त्यासाठीं पंखा शेगडीपासून दूर, पोळ्या लाटण्याच्या बाजूस घ्यावा, किंवा धूर व वाफ बाहेर टाकणारा लहान पंखा खिडकींत बसवावा. परंतु ही अडचण सबब म्हणून पुढें करूं नये.

आतां विजेकडे वळूं. पंखा बंद करण्यासाठीं भिंतीवरील बटण पुरतें. पंख्यास हात लावण्यासाठीं तें पुरत नाहीं. घरांत येणाऱ्या दोन तारांपैकीं एक दाबाची, जिला फेज म्हणतात, व दुसरी परतीची, म्हणजे न्यूट्रल. बटण फेजच्या वाटेंत असावें असा नियम आहे. पण घाईंत केलेल्या कामांत तें परतीच्या तारेंत बसविलेलें आढळतें. तसें असेल तर बटण बंद केल्यावर पंखा थांबतो, परंतु त्याच्या तारांत पूर्ण २३० व्होल्ट दाब तसाच राहतो. म्हणून मुख्य स्विचच बंद करावा. आणि हल्लीं पुष्कळ घरांत इन्व्हर्टर असतो. मुख्य स्विच पाडला तरी तो बॅटरीवरून पंख्याची व दिव्याची ओळ चालू ठेवितो. वीज गेली असें समजून चढणाऱ्यास त्याचा झटका बसतो. तेव्हां इन्व्हर्टर बंद करून त्याच्याकडून घरांत जाणारी जोडणीहि तोडावी. स्विचपाशीं एक माणूस उभा करावा, म्हणजे शेजारघरचें कोणी येऊन ‘वीज कां गेली’ म्हणून तो वर करणार नाहीं.

यानंतर टेस्टर. तो आधीं चालू असलेल्या ठिकाणीं लावून पेटतो कीं नाहीं हें पाहावें. स्विच पाडल्यावर पंख्याच्या दोन्ही तारांस लावावा. आणि काम सुरू करण्यापूर्वीं, शक्य तर शेजारच्या चालू जागीं, पुनः एकदां लावून पाहावा. बिघडलेला टेस्टर कोठेंच पेटत नाहीं, आणि अशा टेस्टरवर विसंबणें हें टेस्टर नसण्याहून वाईट.

घरांत फ्यूज आहे, मग भय कसलें, असें म्हणणारे लोक भेटतात. त्यांनीं आंकडे पाहावे. ७५ वॅटच्या पंख्यांतून सुमारें एक-तृतीयांश अँपिअर प्रवाह जातो. फ्यूज पांच अँपिअरचा असतो. मनुष्याच्या छातींतून त्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, म्हणजे अँपिअरचा दहावा भाग, प्रवाह गेला तरी हृदय थांबूं शकतें. फ्यूज तारा जळण्यापासून राखतो, माणसास राखत नाहीं. माणसास राखणारी वस्तु निराळी आहे: गेलेला व परत आलेला प्रवाह यांत ३० सहस्रांश अँपिअरचा फरक पडतांच वीज तोडणारा आर.सी.सी.बी. नांवाचा स्विच. पंख्याच्या किंमतीच्या आसपास तो मिळतो. घरांत एकच गोष्ट नवी घ्यावयाची असेल तर पंख्याआधीं तो घ्यावा, आणि वायरमनकडून बसवून घ्यावा.

शिडी लांकडाची, दुशाखी असावी. ॲल्युमिनियमची शिडी हलकी खरी, पण तिच्यांतून वीज जाते. स्टुलावर स्टूल, पाटावर डबा, असले मनोरे रचूं नयेत. विजेपेक्षांहि अशा पडण्यानें माणसें अधिक वेळां जायबंदी होतात. पाय कोरडे व रबरी तळाच्या चपलेंत असावेत. पावसाळी दिवशीं, भिंती पाझरत असतां, हें काम काढूंच नये.

पंख्याची जुळणी जमिनीवर चादर पसरून करावी. मोटरीच्या वरच्या तोंडांत नळी बसवून आरपार बोल्ट घालावा, नट आवळावा, आणि नटाच्या पुढें राहिलेल्या भोंकांत दुभंगलेली पिन घालून तिचे पाय दोन बाजूंस वांकवावे. ही पिन दोन पैशांची वस्तु आहे, आणि सबंध पंखा तिच्या भरंवशावर टांगलेला असतो. नट कितीहि आवळला तरी कंपानें तो सुटतो. पिन असेल तर तो गळून पडत नाहीं. जुनी पिन सरळ करून पुनः वापरूं नये. नळींतून तारा वर ओढतांनाच दोन्ही झांकणाच्या वाट्या, एक वर व एक खालीं तोंड करून, नळींत ओंवाव्या. पंखा वर चढल्यावर वाट्या खालींच राहिल्याचें ध्यानांत येणें हा या कामांतील नेहमींचा विनोद आहे; विनोदाचा बळी मात्र शिडीवर उभा असतो.

पातीं लावण्यापूर्वीं मोटर वर टांगावी. नळीच्या वरच्या टोंकास रबरी चाकाची कडी असते. ती आंकड्यांत अडकवून तिचा बोल्ट, नट व पिन पूर्वींप्रमाणेंच घालावी. रबर फाटलें असेल तर बदलावें, कारण पंख्याची घरघर तेथूनच छतांत उतरते. पंख्याबरोबर पोलादी दोरी दिलेली असेल, तर ती दुसऱ्या स्वतंत्र आधाराला बांधावी. मुख्य आंकडा सुटला तरी पंखा त्या दोरीला लोंबकळत राहतो. तिला निरुपयोगी समजून कपाटांत ठेवून देणारे पुष्कळ आहेत.

मग तारा. जुना पंखा सोडतांना कोणती तार कोठें होती हें कागदावर लिहून ठेविलें असेल तर कांहीं अडचण नाहीं. आपल्या देशांतील घरांत फेजची तार सामान्यतः तांबडी, पिंवळी किंवा निळी, परतीची काळी, आणि जमिनीशीं जोडलेली अर्थ हिरवी असते. नव्या उपकरणांच्या दोरींत तपकिरी म्हणजे फेज व निळी म्हणजे परतीची असते. निळ्या रंगाचे हे दोन अर्थ असल्यामुळें केवळ रंगावर भरंवसा ठेवूं नये. बटण व रेग्युलेटर यांतून येणारी फेज पंख्याच्या एका तारेस, परतीची दुसरीस, आणि हिरवी तार पंख्याच्या लोखंडी अंगास जोडावी. पुष्कळ जण हिरवी तार कापून टाकतात, कारण तिच्याविनाहि पंखा फिरतो. आंतील गुंडाळीचें वेष्टन झिजून वीज कवचांत उतरली, तर तिला जमिनींत जाण्याची वाट हीच एक तार देते. ती नसेल तर ओल्या फडक्यानें पातीं पुसणाऱ्याच्या हातून ती जाते. जोड नुसते पीळ देऊन करूं नयेत; चिनीमातीच्या अगर प्लास्टिकच्या जोडपट्टींत तार घालून स्क्रू आवळावा, व तार ओढून पाहावी.

शेवटीं पातीं. तीं एकाच संचांतील असावींत. एका पंख्याचें एक व दुसऱ्याचीं दोन असा संसार थाटल्यास पंखा डोलतो. याचेंहि गणित आहे. एका पात्यावर, मध्यापासून अर्ध्या मीटरवर, दहा ग्रॅम वजन जास्त असेल, तर ३८० फेऱ्यांच्या वेगाला त्याची बाहेरची ओढ सुमारें ८ न्यूटन, म्हणजे पाऊण किलोहून अधिक वजनाएवढी होते, आणि तिची दिशा सेकंदाला सहा वेळां फिरते. हीच ओढ महिनोन् महिने आंकड्याला हालवीत असते. पात्यावर सांचलेली धूळहि हें काम करिते. पंखा डोलूं लागला, तर वीज बंद करून एक काठी छताला उभी लावावी, एका पात्याच्या टोंकाची पातळी तिच्यावर खुणेनें मांडावी, व पंखा हातानें फिरवून बाकीचीं टोंकें त्या खुणेवर येतात कीं नाहीं हें पाहावें. एखादें वर-खालीं असेल तर पातें वांकलेलें किंवा स्क्रू ढिला आहे.

वीज चालू करण्यापूर्वीं सर्व माणसें पंख्याखालून दूर करावीं. प्रथम सर्वांत कमी वेगावर पांच मिनिटें, मग मधल्यावर, मग पूर्ण वेगावर चालवावा. वारा खालीं न येतां वर जात असेल, तर पंखा उलट फिरत आहे. कपॅसिटरची तार चुकीच्या गुंडाळीस लागल्यानें असें होतें. जळका वास, ठिणगी किंवा कवचास झिणझिणी जाणवली, तर स्विच पाडून वायरमनला बोलवावें. आणि कोणास झटका बसून तो तारेस चिकटलाच, तर त्यास हात लावूं नये. आधीं मुख्य स्विच पाडावा. तो हातीं लागत नसेल तर कोरड्या काठीनें त्यास तारेपासून ढकलावा, श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचा उपचार ताबडतोब सुरू करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. हा क्रम घरांतील प्रत्येकास, आजीलाहि, तोंडपाठ असावा.

खरेदीविषयीं थोडें. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीच्या ताऱ्यांची पट्टी असणें सक्तीचें झालें आहे. ती पाहून घ्यावा. जुन्या धर्तीचा पंखा ७५ वॅट घेतो, बी.एल.डी.सी. म्हणून जे नवे पंखे निघाले आहेत ते सुमारें ३० वॅटवर तेवढाच वारा देतात. दिवसास दहा तास धरले तर महिन्याला पहिल्यास साडेबावीस व दुसऱ्यास नऊ युनिटें लागतात. आपल्या प्रदेशांत वर्षाचे आठ महिने पंखा लागतो. १०८ युनिटें वांचतील. आपल्या घरच्या बिलावरील दरानें गुणून किंमतींतील फरक किती वर्षांत भरून निघतो हें मुलांनींच काढावें. असें उदाहरण पुस्तकांतील आगगाडीच्या उदाहरणापेक्षां अधिक उपयोगी आहे. मात्र हे नवे पंखे जुन्या रेग्युलेटरमधून चालवूं नयेत. त्यांचा वेग आंतील यंत्रणेनेंच कमीजास्त होतो, व बाहेरचा रेग्युलेटर ती बिघडवितो. जुन्या पेटीसारख्या रेग्युलेटरविषयींहि हें लक्षांत ठेवावें कीं, पंखा हळू केल्यानें त्यांत फारशी वीज वांचत नाहीं. पंख्याची वीज पेटींत उष्णता होऊन जाते. पेटीला दुरून हात नेऊन पाहिला तरी ऊब लागते.

दर वर्षीं गणपतीनंतर, पाऊस ओसरला कीं, मुख्य स्विच पाडून पंख्याची एकदां तपासणी करावी. वाटी खालीं सरकवून दोन्ही पिना जागेवर आहेत कीं नाहींत, जोडपट्टींत ओल शिरली आहे कीं काय, आणि कौलारू घर असल्यास उंदरांनीं तारेचें वेष्टन कुरतडलें आहे कीं काय, हें पाहावें. भात घरांत आल्यावर उंदीरहि घरांत येतात, म्हणून दिवाळीनंतर तारांकडे पुनः एकदां नजर टाकावी. पातीं कोरड्या फडक्यानें, एका हातानें खालून आधार देऊन पुसावीं. जोर लावून पुसलेलें पातें वांकतें, आणि मग ती काठी पुनः काढावी लागते. पंखा दोन-तीन उन्हाळ्यांनंतर मंद झाला तर बहुधा कपॅसिटर थकलेला असतो. नवा आणतांना जुन्यावर छापलेला अंक, पुष्कळ पंख्यांत तो २.५ मायक्रोफॅरड असतो, पाहून तेवढाच आणावा. मोठा बसविल्यानें वारा वाढतो असें सांगणारे दुकानदार आहेत. वाढते ती मोटरीची उष्णता.